गुळगुळीत उंबरा

पक्षी एकमेकांना घरभाडं देत असत, त्या काळची गोष्ट. पांगाऱ्याच्या खोडात सुतारपक्ष्याने कोरलेली एक ढोली होती. साळुंकी तिथे भाड्याने राहिली, तिने पिल्लं वाढवली आणि पिल्लं उडून गेल्यावर ती घर सोडायला निघाली. तिने आपलं डिपॉझिट परत मागितलं. डिपॉझिट म्हणजे वाळवलेल्या नाकतोड्यांचा भलामोठा ढीग.

सुतारपक्ष्याने उंबऱ्यावरून चोच फिरवली आणि तो ओरडलाच, "हे काय करून ठेवलंस, बाई? चांगला खरखरीत उंबरा दिला होता. घासून पार गुळगुळीत केलास! आता नाकतोडे विसर."

"अहो, येता-जाता पाय लागणारच की! उंबरा ओलांडल्याशिवाय घरात शिरणार कशी?"

"ते तू बघायचं होतंस."

इतक्यात एक पोपट ढोली बघायला आला. सुतारपक्ष्याचा आवाज लगेच मधाळ झाला. "या, या! उंबरा बघा कसा गुळगुळीत आहे. एक पीस अडकायचं नाही. म्हणून तर डिपॉझिट दुप्पट."

पोपट खूश होऊन आत शिरू लागला. शेजारच्या फांदीवरून साळुंकी म्हणाली, "जपून हो, भाऊ. तुमचे पाय लागून उंबरा आणखी चांगला झाला, तर भरपाई तुम्हालाच द्यावी लागेल."