इंगवले काकी रिक्षानं गेल्या

"उस्ताद, आता तरी सांगा. मी वेगळं दुकान टाकू?"

बाबालाल उस्ताद सुईत दोरा ओवत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "इंगवले काकी कशानं गेल्या?"

"आँ?"

"आत्ता, घरी. कशानं गेल्या?"

"रिक्षानं."

"मग न्हाई."

कोल्हापूरच्या उद्यमनगरात बाबालाल उस्तादांचं कुशनचं दुकान होतं. सीटा, छताचं अस्तर, दारांच्या आतल्या गाद्या, गाडीच्या आतलं सगळं काम तिथं व्हायचं. सर्जेराव त्यांचा शागीर्द. पोराच्या हाताला गुण होता, आणि तो आहे हे पोराला जरा जास्तच ठाऊक होतं. तरीही उस्तादांचा त्याच्यावर जीव होता.

शागिर्दानं आपण होऊन दुकान टाकायचं नाही, उस्तादांनी 'जा' म्हणायचं, अशी तिथली रीत. सर्जेरावाला तो एक शब्द हवा होता. उस्ताद तो तंबाखूच्या बारासारखा गालात धरून बसले होते.

इंगवले काकींची गाडी करून दाखवली की शब्द मिळणार, असं सर्जेरावानं मनाशी धरलं होतं.

गाडीच तशी होती. काकींच्या यजमानांनी हौसेनं घेतलेली जुनी अमेरिकन गाडी. दोनच दारं, लांबलचक नाक, आणि इंजिन असलं दांडगं की सुरू झालं की समोरच्या चहावाल्याच्या बश्या वाजायच्या. यजमान गेले, गाडी राहिली. सत्तरी ओलांडली तरी काकी ती स्वतः चालवत. दर गुरुवारी गडहिंग्लजला जात, अंथरुणाला खिळलेल्या बहिणीची वेणी घालायला.

आतून मात्र गाडीची पार रया गेली होती. काकी म्हणाल्या होत्या, "सगळं नवं कर बाबा. आणि माझी सीट तेवढी उंच कर. मला पुढचं दिसेनासं झालंय."

सर्जेरावानं सगळं नवं केलं. गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा आतून कशी होती, त्याचे जुने फोटो शोधले. तसंच लाल रेक्झिन मिळवलं, शिवणीच्या कडेला तसंच पांढरं पायपिंग. छत ताणून असं बसवलं की टिचकी मारली तर वाजावं. तडकलेला डॅशबोर्ड भरून, घासून, रंगवून काढला.

फक्त सीट उंच केली नाही.

आज काकी आल्या. चपला बाहेर काढून आत बसल्या. सीटवरून हात फिरवला, स्टिअरिंग धरलं... आणि थोडा वेळ तशाच बसून राहिल्या.

"फार देखणं केलंस रे," म्हणाल्या. मग उतरल्या, चपला घातल्या. "गाडी राहू दे इथंच थोडे दिवस." आणि त्यांनी रिक्षाला हात केला.

"भारावल्या त्या," सर्जेराव म्हणाला. "डोळ्यांत पाणी होतं, उस्ताद. मी बघितलं."

"मीबी बघितलं."

उस्ताद उठले. गुडघ्यावर हात देत गाडीपाशी गेले, दार उघडलं.

"बस."

सर्जेराव ऐटीत बसला.

उस्तादांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "खाली सरक."

तो सरकला.

"अजून."

"अहो, पाठ मोडंल!"

"मोडूंदे. अजून."

सर्जेरावाची हनुवटी छातीला टेकली. डोळे स्टिअरिंगच्या चाकाला लागले.

"काय दिसतंय?"

"स्टिअरिंग."

"आन् त्याच्याफुडं?"

"डॅशबोर्ड... माझाच."

"रस्ता?"

सर्जेरावानं मान वर काढायला बघितली. उस्तादांनी खांदा दाबून धरला.

"काकी एवढं बघून गेल्या," उस्ताद म्हणाले.

सर्जेराव सावरून बसला. चेहरा लाल झाला होता, पण हार मानेल तो सर्जेराव कसला!

"उस्ताद, सीट वर घेतली तर सगळी रेघ बिघडती. दाराचं पायपिंग एकीकडं, सीटचं एकीकडं. मूळ गाडीत सीट एवढीच होती. फोटो दाखवू?"

"मूळच्या काकीबी उंच होत्या की रं."

एवढं बोलून उस्ताद आपल्या जागेवर जाऊन बसले. पुन्हा सुई, पुन्हा दोरा.

सर्जेराव बराच वेळ गाडीत बसून होता. मग बाहेर आला. भिंतीवरचा उसवणीचा चाकू काढला. स्वतःच घातलेला टाका स्वतः उसवायचा म्हणजे काय होतं, ते ज्यानं शिवलंय त्यालाच कळतं. एक एक टाका तुटताना त्याचं तोंड कडू होत होतं. उस्तादांनी तिकडं बघितलं नाही. चहा मात्र दोन मागवले.

दुसऱ्या दिवशी तो काकींना घरून घेऊन आला. उघड्या सीटवर काथ्या रचला आणि म्हणाला, "बसा काकी."

"यावर? टोचेल की."

"टोचू द्या. रस्ता दिसतोय का?"

"झाडांचे शेंडे दिसतायत."

त्यानं आणखी काथ्या घातला.

"आता?"

"आता समोरचा चहावाला दिसतोय. आपल्याकडंच बघून हसतोय मेला."

"पाय पुरतात?"

"नाही रे. लोंबकळतायत."

मग सीट पुढं सरकवली. मग पुढची कड उतरती केली. मग काकींची कंबर धरली, म्हणून मागे आधार भरला. काकी चढत होत्या, उतरत होत्या, त्याला नावं ठेवत होत्या, आणि मधेच लाडानं त्याच्या डोक्यात टपली मारत होत्या. सर्जेरावानं इतक्या वर्षांत सीटा पुष्कळ मापल्या होत्या. माणूस पहिल्यांदाच मापत होता.

मापं झाल्यावर खरं काम सुरू झालं. उंची वाढवायची, पण रेघ सोडायची नाही. त्यानं दाराची गादी पुन्हा शिवली, सीटचं पायपिंग खाली ओढून तिच्या पायपिंगला मिळवलं, शेजारची रिकामी सीटही तेवढीच चढवली. बाहेरून बघणाऱ्याला काही केलंय असं वाटू नये, एवढ्यासाठी त्यानं होतं नव्हतं ते सगळं कसब खर्ची घातलं. असलं काम त्यानं जन्मात केलं नव्हतं, आणि ते त्यालाही कळत होतं.

बुधवारी काकी गाडी घेऊन गेल्या. समोरच्या बश्या वाजल्या.

सर्जेराव उस्तादांकडं वळला. तोंड उघडणार, तेवढ्यात उस्ताद म्हणाले, "गडहिंग्लजास्नं येऊंदेत."

शुक्रवारी सकाळी गाडी दारात उभी राहिली. काकी उतरल्या, हातात काजूची पिशवी.

"घ्या उस्ताद. बहिणीनं दिलेत, भाजलेले आहेत. अहो, काल काय मजा झाली! निपाणीच्या पुढं एक ट्रकवाला मला साइडच देईना. असा हॉर्न मारला, असा मारला... खिडकीतून बघितलं त्यानं, म्हातारी बघून हातच जोडले! आणि बहीण काल चक्क उठून बसली. खिडकीशी बसवली तिला, गाडी दाखवली. म्हणाली, एकदा मला फिरव. फिरवणार आहे मी!"

काकी बोलत होत्या. ऊस तोडणीला आलाय. संकेश्वरला रस्ता खणून ठेवलाय. येताना ऊन नुसतं डोळ्यांवर आलं होतं.

सर्जेराव वाट बघत होता... काकी आता बोलतील, मग बोलतील. काजू संपत आले.

शेवटी त्याला राहवेना.

"काकी... सीट कशी वाटली?"

"सीट?"

काकींनी आठवून बघितलं. खरोखर आठवून बघितलं.

"अरे देवा," त्या ओशाळून म्हणाल्या. "सीटकडं लक्षच गेलं नाही बघ माझं."

सर्जेरावाचं तोंड एवढंसं झालं. काकींना वाईट वाटलं. त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, पुढच्या वेळी नीट बघते म्हणाल्या, आणि गाडीत बसून गेल्या.

सर्जेराव खाली मान घालून काथ्याचे तुकडे गोळा करत राहिला.

उस्तादांनी सुई बाजूला ठेवली. कितीतरी वेळ त्या वाकलेल्या पाठीकडं मायेनं बघत राहिले...

"सर्जा."

"जी."

"गाळा बघायला लाग."