यमाजीची गोदामराखण

एका गावात सरकारी गोदामाचा एक भोळा राखणदार होता. नाव यमाजी. सांगितलं तेवढंच करायचा, पण करायचा मात्र नेटानं. गोदामात ज्वारी होती. नागपंचमीच्या सुमाराला घरोघरच्या कणग्या रिकाम्या झाल्या की ती गावाला स्वस्तात वाटायची, असं ठरलेलं. यमाजीची बायको गजरासुद्धा त्याच ज्वारीच्या आशेवर होती.

त्या साली ज्वारीचे भाव कडाडले. गोदामाचे पिसाळ साहेब म्हणाले, "यमाजी, वरून बंदी आलीय. वेशीबाहेर एक दाणा जाता कामा नये!"

"जी."

यमाजी काठी घेऊन वेशीत बसला. पाटलांची लेक सासरी निघाली होती. यमाजीनं गाडी अडवली आणि पोरीच्या भरल्या ओटीतला गहू दाणा न् दाणा काढून घेतला. नारळ तेवढा ठेवला. तो काही दाणा नव्हे. पोरीनं भोकाड पसरलं.

साहेब धावत आले. "अरे गाढवा! बाईमाणूस दिसलं की हात जोडावेत, वाट सोडावी!"

"जी. आता चुकायचं नाही."

दुसऱ्या दिवशी मोतीशेठ व्यापाऱ्याच्या गाड्या निघाल्या. पोत्यांनी गच्च भरलेल्या, आणि पुढच्या गाडीवर शेठाणी बसवलेली. शेठ काय दुधखुळा होता? यमाजीनं हात जोडले, वाट सोडली. बाजारातली होती नव्हती तेवढी ज्वारी खडखडत गेली.

साहेबांनी कपाळ बडवून घेतलं. "अरे माठ्या, वेशीत पोतं दिसलं की उतरवायचं, गोदामात टाकायचं, कुलूप ठोकायचं! मग माझा बाप आला तरी उघडायचं नाही!"

"जी."

नागपंचमी आली. लोक पिशव्या घेऊन गोदामाच्या दारात. यमाजी हलेना.

"साहेबांचे वडील आले तरी उघडायचं नाही, मग तुम्ही कोण?"

साहेब तर मुंबईला, बैठकीला. बैठक कशाची? धान्य लवकर कसं वाटावं, याची. ते परतले तोवर पोळाही होऊन गेला. कुलूप उघडलं, तर पोत्यांत नुसता भुसा, आणि त्यावर किडे वळवळतायत.

"हे काय रे मेल्या!"

"साहेब, एक दाणा बाहेर गेला नाही," यमाजी छाती फुगवून म्हणाला. "खाल्लं ते यांनी. पण यांनाही मी बाहेर जाऊ दिलं नाही!"

बोंबाबोंब झाली. मग सरकारनं परमुलखातून धान्य मागवलं. ट्रक वेशीत आला. लोक हरखून पिशव्या आणायला घरी पळाले. यमाजीला मात्र पोती दिसली. त्यानं भराभर उतरवून घेतली, त्याच किड्यांच्या गोदामात टाकली, कुलूप ठोकलं.

तिकडे कचेरीत वरच्या साहेबांचा फोन वाजला. "पिसाळ, गोदाम भरलं?"

पिसाळांनी खिडकीतून पाहिलं. "शिगोशीग, साहेब!"

"छान. म्हणजे तुमच्या गावाला आता धान्य नको."

एवढ्यात गजरा धापा टाकत गोदामाशी आली. हातात रिकामी पिशवी. "अहो, कालपासून चूल पेटली नाही. ओंजळभर तरी द्या की हो!"

यमाजीनं पाहिलं. बाईमाणूस. त्यानं काठी खाली ठेवली, दोन्ही हात जोडले आणि अदबीनं बाजूला सरला. मागे दाराला कुलूप तसंच.

"जा बाई. वाट मोकळी आहे."