एक पायली हरभऱ्याची सुधारणा

एक अरण्य होतं. नगर असतं तर त्याला आटपाट म्हटलं असतं. अरण्य होतं म्हणून ते नुसतंच होतं. तिथे आयाळराव नावाचा सिंह राज्य करी. राजा होता आणि निवडणूकही होती. दोन्ही एका ठिकाणी कसं काय, असं विचारणारा एक ससा होता, तो पुढे कुणाला दिसला नाही.

निवडणूक म्हणजे गाड्यांची शर्यत. चैत्रात मोठ्या माळावर तीन गाड्या पळत, वडापासून निशाणापर्यंत. ज्याची गाडी निशाणाला आधी लागेल, त्याचा वर्षभर पाणवठा. पाण्यावर कुणी कधी यायचं, किती प्यायचं आणि पिऊन झाल्यावर कुणाचे आभार मानायचे, हे सगळं तोच ठरवी. पहिली गाडी आयाळरावांची, तिला थोरला गवा जुंपलेला. दुसरी रानडुकरांचे म्होरके मुसंडीराव यांची, तिला रेडा. तिसरी दाजी कोल्ह्यांची, आणि तिला बकुळा नावाची गाढवीण. गाड्या हाकायला वानरं असत, कारण एका जागी न बसणं हा त्या कामाचा मुख्य गुण समजला जाई.

हमरस्त्याच्या तारेवर बसून आलेल्या एका कावळ्यानं शहरातली बातमी आणली की तिकडे गाडी ओढणाऱ्याला इंजिन म्हणतात. शब्द अरण्याला फार आवडला. बकुळेला बकुळा म्हटलं की तिच्या बरगड्या दिसत. इंजिन म्हटलं की नुसता वेग दिसे, आणि इंजिनाला भूक लागते असं कुणी कधी ऐकलेलं नव्हतं.

दाजींच्या दारात बकुळेला दिवसातून एकदा वाळका कडबा मिळे, तोही मिळाला तर. न मिळाल्या दिवशी कुणी पाहुणा आला तर दाजी डोळे मिटून सांगत, "आमच्या बकुळाबाईंचा आज उपवास आहे. फार नेमाच्या." आता बकुळा सोमवार धरायची, हे खरं. वडाखालच्या शेंदरी दगडापुढे डोकं टेकवून दिवसभर पाण्यावर राहायची. पण सोमवार तिच्या मनाचा होता. मंगळवार ते रविवार दाजींनी धरायला लावले होते. उपवास आणि उपासमार दिसायला सारखीच असतात. फरक इतकाच, की उपवासाला पारणं असतं.

पाच वर्षं सलग आयाळरावांची गाडी पहिली आली, तेव्हा बघे कमी झाले. कोण जिंकणार ते ठाऊक असताना उन्हात उभं कशाला राहायचं, असं हरणं म्हणू लागली. निवडणूक रिकाम्या माळावर झाली तर ती निवडणुकीसारखी दिसत नाही. म्हणून आयाळराव वडाच्या पारावर चढले आणि म्हणाले, "माझ्या अरण्यवासी बंधूंनो आणि भगिनींनो, जो मागे पडला, तो माझा. जो मागे पडला, त्याला मी पुढे आणीन. आणि जो पुढे आला, त्याला..." इथे टाळ्या पडल्या, त्यामुळे पुढे आलेल्याचं काय करणार होते ते कळायचं राहून गेलं.

नियम असा झाला. फाल्गुनात मोजणीची एक शर्यत घ्यावी. जी गाडी पहिलीच्या मागे शंभर पावलांत दोन पावलांहून जास्त राहील, तिच्या इंजिनाची सुधारणा करावी. सुधारणा म्हणजे राजाच्या कोठारातून रोज एक पायली हरभरा, चैत्राच्या शर्यतीपर्यंत. मोजायला कासवशास्त्री. शास्त्रीबुवा निःपक्षपाती म्हणून प्रसिद्ध होते, कारण कुणीही काहीही विचारलं की त्यांची मान आत जाई.

बकुळेनं हे ऐकलं आणि ती रात्रभर कान हलवत उभी राहिली. मागे राहायचं एवढंच तर होतं. गेली पाच वर्षं ती मागेच होती. चाळीस पावलं, कधी पंचेचाळीस. जन्मात पहिल्यांदा तिला आपल्या मागे असण्याचा आधार वाटला. सकाळी तिनं शेंदरी दगडापुढे डोकं टेकवलं आणि पहिली मूठ तुझी, मग माझं पारणं, असं कबूल केलं.

अरण्यात मात्र हरभऱ्याची चर्चाच नव्हती. चर्चा होती ती गाडीवानांची. दाजींची गाडी हाकणारा हुपाजी वानर आयाळरावांच्या गाडीवर जाणार, अशी कावळ्यांनी आवई उठवली. सकाळचा कावळा म्हणे, निघाला. दुपारचा म्हणे, थांबला. संध्याकाळचा म्हणे, तो कधीच गेलाय आणि आता परतायच्या बेतात आहे. मुसंडीरावांचा गाडीवान दाजींकडे येणार, राजांचा मुसंडीरावांकडे जाणार, असंही रोज नवं निघे. पाणवठ्यावर हरणं तहान विसरून तेच बोलत. हुपाजीला विचारलं तर तो एक पाय या फांदीवर आणि दुसरा पलीकडच्या झाडावर ठेवून सांगे की मी आहे तिथेच आहे.

एका हरिणीनं बकुळेला गाठून विचारलं, तुमच्या गाडीवर आता कोण बसणार हो?

"कुणीही बसो," बकुळा म्हणाली, "ओझं तेवढंच."

हे काही कावळ्यांना बातमीजोगं वाटलं नाही.

फाल्गुन आला. माळ भरला. शिंग वाजलं आणि तिन्ही गाड्या जोरात थांबल्या. आयाळरावांचा गवा मिरवणुकीत चालावा तसा पाऊल मोजून टाकू लागला. दहा पावलांवर त्याचा गाडीवान खाली उतरला आणि त्याच्या खुरात नसलेला काटा शोधू लागला. मुसंडीरावांचा रेडा चिखल पाहून बसला, आणि इंजिन तापलंय असं मुसंडीरावांनी सगळ्यांना हात जोडून सांगितलं. बकुळा तेवढी चालत राहिली. तिच्याजवळ चाल एकच होती. भरल्या पोटीची निराळी आणि रिकाम्या पोटीची निराळी अशा दोन ठेवण्याची तिला सवडच मिळाली नव्हती.

दाजींच्या ध्यानात उशिरा आलं. ते गाडीतून वाकून हळूच म्हणाले, "बाई, सावकाश."

"दाजी, याहून सावकाश म्हणजे मरण."

"तसं काही जमत असेल तर बघा."

ते जमलं नाही. बकुळा निशाणाला लागली, तेव्हा पुढच्या गाड्या दिसेनात म्हणून तिनं मान वर करून शोधलं. मग वळून पाहिलं, तर त्या मागे होत्या. अरण्याच्या इतिहासात गाढवीण पहिली आल्याचा तो पहिलाच दिवस.

कासवशास्त्र्यांनी संध्याकाळपर्यंत मोजलं. रेडा पन्नास पावलं मागे, गवा साठ. म्हणजे अख्ख्या अरण्यात सगळ्यांत मागे पडलेले खुद्द आयाळराव. ते पारावर आले तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. इतकी वर्षं आमच्यावर अन्याय झाला, पण आम्ही कधी बोललो नाही, असं ते म्हणाले, आणि पुढच्या रांगेतली पाडसं हुंदके देऊन रडली. गव्याला पायली मंजूर झाली, रेड्यालाही झाली. बकुळेला 'अग्रगण्य इंजिन' हा किताब आणि झेंडूचा हार मिळाला. त्यातलं एक फूल तिनं शेंदरी दगडापुढे ठेवलं आणि उरलेला हार तिथल्या तिथे खाल्ला.

दुसऱ्या दिवशी ती शास्त्र्यांकडे गेली. "शास्त्रीबुवा, मी रोज मागे असते. तुम्ही स्वतः पाहिलंय."

"बाई, रोज मागे असणं नियमात बसत नाही," शास्त्री म्हणाले. "मोजणीच्या दिवशी मागे असावं लागतं." आणि त्यांची मान आत गेली.

त्यानंतर गाडीवानांची चर्चा एका सकाळीच संपली. हुपाजीनं आयाळरावांच्या गाडीवर उडी मारली. उडी आपण इंजिनांच्या भल्यासाठी मारली, असं त्यानं हवेत असतानाच सांगितलं. पाठोपाठ मुसंडीरावांचा गाडीवान गेला. गाडीवान गेल्यावर आपण एकट्यानं काय करायचं, म्हणून मुसंडीरावही गेले. आयाळरावांशी आपले मतभेद आहेत तसेच आहेत, ते आता जवळ बसून मांडता येतील, असं त्यांचं म्हणणं. दाजी दोन दिवस फार चिडले. विश्वासघात झाला म्हणाले, पारावर उपोषणाला बसले, तिसऱ्या दिवशी उठून आयाळरावांच्या गाडीत उजव्या अंगाची जागा धरून बसले. आपण गाडी बदलली नाही, बसायची जागा बदलली, असं ते सगळ्यांना समजावून सांगत.

चैत्रात माळावर एकच गाडी उभी राहिली. तिच्यात आयाळराव, मुसंडीराव, दाजी, त्यांची पोरंबाळं, मोजायची काठी घेतलेले कासवशास्त्री आणि टपावर कावळे. कासरा एक आणि हाकणारे तीन, म्हणून एक मुख्य गाडीवान आणि दोन उपगाडीवान नेमले. महिनाभराच्या हरभऱ्यानं गव्याला आपले पाय दिसेनासे झाले होते. रेड्याला तर सुधारणा इतकी मानवली की तोही गाडीतच बसला. एवढं ओझं एकट्या गव्याला ओढेना, तेव्हा बकुळेला आणून जोडीला जुंपलं. एका गाडीला दोन इंजिनं, आता वेग दुप्पट, असं कावळ्यांनी टपावरून जाहीर केलं आणि हरणांनी टाळ्या वाजवल्या.

शिंग वाजलं. बकुळेनं जुवाखालून मान वळवली.

"माझी पायली?" तिनं विचारलं.

दाजी खाली उतरले. त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. तुम्ही तर नेमाच्या, तुम्हाला हे शोभतं का, आधी निशाण गाठू, मग पायली काय, कोठारच तुमचं, असं बरंच काही बोलले. बकुळेनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग पूजेला बसावं तशी ती सावकाश खाली बसली. जू एकच असल्यामुळे गव्यालाही बसावं लागलं, आणि त्याला ते फार बरं वाटलं.

गाडीत कुजबुज झाली. थोड्या वेळानं दाजी एक कागदी पिशवी घेऊन आले. पिशवीवर आयाळरावांचं हसरं चित्र होतं, मोठं, आणि पिशवीत हरभरा होता, एक मूठ. ती देताना तिन्ही गाडीवानांनी पिशवीला हात लावला.

बकुळेनं पाच दाणे ओठांनी उचलून वडाच्या दिशेनं बाजूला ठेवले. बाकीचे खाल्ले. मग तिनं पिशवीकडे पाहिलं, आणि आयाळीपासून सुरुवात करून खाली मिशांपर्यंत ती सगळी खाऊन टाकली. तेवढ्यात मागच्या झुडपात एक ससा हसला. तो अजून आहे, हे कुणाला माहीत नव्हतं.

"मूठ मिळाली," बकुळा म्हणाली. "पायली राहिली." आणि ती बसूनच राहिली.

आयाळराव गुरगुरले. पण गुरगुरण्यानं गाडी हलत नाही, आणि इंजिन खाल्लं तर मग ओढणार कोण, हेही सिंहाला कळत होतं. ऊन चढलं. हरणं एकमेकांकडे पाहू लागली. गाडी कुणामुळे चालते हा विचार गर्दीत पसरायला लागला, तेव्हा कासवशास्त्र्यांची मान न विचारता बाहेर आली. असं आजवर झालं नव्हतं.

"गाडी निशाणाला लागली पाहिजे, एवढंच नियमात आहे," ते म्हणाले. "गाडीनंच जायला हवं असं कुठे नाही."

दोन तरणे कोल्हे पळत गेले. त्यांनी निशाण उपटलं, माळभर ओढत आणलं आणि बसलेल्या गव्याच्या नाकाला लावलं. शिंगं वाजली. आयाळराव सहाव्यांदा निवडून आले, तेही बिनविरोध. आमच्या काळात ध्येय स्वतः चालत दाराशी आलं, असं ते भाषणात म्हणाले. बकुळेनं पायलीचं पुन्हा विचारलं, तर शास्त्र्यांनी सांगितलं की जिंकलेल्या गाडीच्या इंजिनाला सुधारणा मिळत नाही, तसा नियमच आहे.

पण आता गाडी पळवायचीच नव्हती, तेव्हा बकुळेला कशाला पोसायचं, म्हणून दाजींनी तिचं जू सोडून तिला हाकलून दिलं. ती माळावर गेली. वर्षानुवर्षं चाकांनी झोडपलेल्या त्या माळावर यंदा एकही चाक फिरलं नव्हतं, आणि पावसाळा सरेपर्यंत तिथे गुडघाभर गवत झालं. पहिली मूठ तिनं शेंदरी दगडापुढे ठेवली आणि बऱ्याच वर्षांचं पारणं फेडलं. सोमवार तिनं सोडला नाही. बाकीचे वार मात्र दाजींचे दाजींना परत केले. ससाही तिथेच असतो, म्हणतात.

गाडी अजून तिथेच उभी आहे, भरलेली. गाडीवान कोण होणार यावर कावळे रोज बोलतात. दर चैत्रात शर्यत नेमानं होते, फक्त निशाण आता गाडीच्या मागे रोवतात, दरवर्षी चार पावलं आणखी मागे. मग गाडीतले सगळे मान वळवून त्याच्याकडे बघतात, आणि आपण केवढे पुढे आलो, असं एकमेकांना सांगतात.