निवडून बोलणाऱ्या मैना

एका राज्यात पाखरे खोटे बोलत नसत, म्हणून त्यांच्या शब्दावर कुणी शंका घेत नसे. तिथे एक मांत्रिक आला. वयात येणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला त्याने एकेक मैना दिली. मैना घरोघर उडे आणि लोक त्या मुलाविषयी काय बोलतात ते ऐकून येऊन त्याला सांगे. राजा हर्षपालाने खूश होऊन मांत्रिकाला शेला दिला.

मैना खोटे सांगत नव्हत्या. पण सगळ्या बोलांतून टोचणारा तेवढा निवडून आणत, आणि मधूनच एखादा गोड. त्या गोड बोलासाठी मुले खिडकीशी बसून राहिली. ताटे निवली, मैदाने ओस पडली.

त्या राज्याची रीत अशी, की भाताची रोपे लावणीला आली म्हणजे राजकन्येने गावे, तेव्हाच तळ्याचे दार उघडे. यंदा गाण्याची पाळी राजाची लेक शाल्मली हिची होती. पण तिची मैना बोल घेऊन आली, "तुझा आवाज फुटक्या घागरीसारखा, असे म्हणतात." त्या दिवसापासून तिचा सूर निघेना. रोपे माना टाकू लागली.

तळ्याकाठचा म्हातारा बगळा तिला म्हणाला, "मांत्रिकाचा हा शाप मोडायचा तर तीन कामे आहेत."

"बगळ्याचा उपदेश? मासे काय म्हणतात?"

"मासे आता काही म्हणत नाहीत. ऐक. मैना गोड बोल आणील, तेव्हा आणखी मागू नकोस. टोचरा आणील, तेव्हा तिच्याहाती उत्तर धाडू नकोस. काहीच आणणार नाही, तेव्हा हाक मारू नकोस."

मैना म्हणाली, "तुला चंद्रकोर म्हणतात." शाल्मली वेणी घालत राहिली. मैना चिमणीएवढी झाली.

मैना म्हणाली, "तुझी सखी केतकी तुला हसली." शाल्मली स्वतः केतकीच्या दारी गेली.

"हसले खरी," केतकी म्हणाली. "तू माझ्या नाकाला हसलीस, असे माझी मैना सांगत होती."

"हसले होते. पण तुझ्या नथीचे कौतुकही केले होते."

"ते नाही सांगितले तिने."

दोघी पायरीवर बसून पोटभर हसल्या. मैना फुलपाखराएवढी झाली.

मग मैना गप्प बसली. सारे जग आपल्याला विसरले, असे शाल्मलीला वाटले. हाक ओठांवर आली. ती गिळून शाल्मली तळ्यावर गेली आणि गाऊ लागली. पहिला सूर खरोखरच फुटक्या घागरीसारखा निघाला. ती थांबली नाही. मागे केतकीने सूर धरला, मग साऱ्या मुलांनी.

दार उघडले. पाणी खाचरांत धावले. घरोघर मैनांच्या जागी फक्त पिसे उरली. मांत्रिक शेला टाकून सीमेपार गेला.

राजा जवळ आला. त्याची मान ताठ होती आणि डोळे भरलेले. "कशी गायलीस, सांगू?"

"नको, आबासाहेब," शाल्मली म्हणाली. "मी ऐकले."

त्या वर्षी भात कमरेइतके वाढले, आणि पाखरे पुन्हा आपापल्या घरट्यांच्या गोष्टी बोलू लागली.