तिसऱ्या तारेची भुणभुण

“…ते सगळं ठीक आहे चाचा, पण ही भुणभुण आजच्या आज निघेल की नाही, तेवढं सांगा!”

दस्तगीरचाचांनी मान वर केली नाही. मांडीवर तंबोरा आडवा होता आणि त्याच्या घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या हाडाच्या पट्टीवर, कानस चालली होती.

मिरजेतल्या तंबोरेवाल्यांच्या गल्लीत त्यांचं दुकान, आणि भिंतीला भिंत लावून माझं पेटी दुरुस्तीचं. दुपारचा चहा मी त्यांच्याकडेच पितो. त्यामुळे हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. त्या दिवशी चहा चुकला असता तर बरं झालं असतं, असं अजून वाटतं.

विचारणारा होता नोएल आढाव. सांगलीचा. ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. हात चांगला आहे हो, कोण नाही म्हणतं? पण स्वतःलाच ते जरा जास्त ठाऊक.

दुकानाच्या मधोमध त्यानं आपलं वाद्य मांडलं होतं. चार पायांची गिटार, टेबलासारखी. समोर बसायचं, पायानं पट्ट्या दाबायच्या आणि डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवायची. आमच्या गल्लीत असलं काही सहसा येत नाही. शेजारी ठोकळ्याएवढा स्पीकर.

“कुणाची ही?” चाचांनी विचारलं.

“देवदान मास्तरांची. माझे गुरू. मागच्या वर्षी गेले. मावशींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, मला दिली.”

चाचांची कानस थांबली.

“परवा रविवारी स्मरणसभा आहे,” नोएल म्हणाला. “त्यांची संध्याकाळची धून मी वाजवणार आहे. त्यांनी स्वतः बांधलेली. रोज दिवेलागणीला वाजवायचे, मावशींसाठी. पण ही तिसरी तार बघा…”

त्यानं तार छेडली.

सूर आला, आणि त्याच्या शेपटाला बारीकशी भुणभुण. डबीत भुंगा अडकल्यासारखी.

“तारा बदलल्या. स्क्रू आवळले. कांडीसुद्धा नवी आणली. जात नाही!”

चाचा उठले, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि गिटारीवर वाकले. उजव्या टोकाला तार ज्या गोल धातूवरून वळून खाली उतरते, तिथं त्यांनी नख फिरवलं.

“ही घोडीच म्हणायची. इथं खाच पडलीय. तार खाचेत लोळते. म्हणून बोलते.”

“बघा! म्हणजे दोष आहेच!” नोएलला आनंदच झाला. “मी मास्तरांना दहा वर्षांपूर्वी सांगितलं होतं. ते नुसते हसायचे. शेवटी शेवटी त्यांना ऐकू येत नव्हतं हो नीट. मला येतं.”

मी चहाचा पेला खाली ठेवला. गुरू जाऊन वर्ष झालं नाही, आणि हा त्यांच्या कानांना नावं ठेवतोय! तोंडावर आलं होतं, गिळलं.

“खाच कशानं पडली?” चाचांनी विचारलं.

“वाजवून वाजवून. तीस वर्षं वाजवली त्यांनी.”

“काढू?”

“काढा.”

चाचांची ही रीत सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. दुसऱ्याच्या वाद्याला कानस लावण्याआधी ते तीनदा विचारणार. निकाहात विचारतात तसं. घाईचं गिऱ्हाईक वैतागतं, पण चाचा बधत नाहीत.

“धून वाजव एकदा.”

“आधी काम करा की!”

“वाजव.”

नोएल बसला आणि वाजवू लागला.

आता खोटं कशाला बोलू? मला गिटारीतलं फार कळत नाही. पण त्या धुनेपायी मी चहा विसरलो. तिसरी तार आली की भुणभुण यायची आणि सूर एकदम कुणाच्यातरी घशातून निघाल्यासारखा वाटायचा.

दाराबाहेर रिक्षा उभी होती. तिचा पडदा बाजूला झाला. आत एक म्हातारी. काळा चष्मा, मांडीवर पिशवी. ती दुकानाकडे तोंड करून हसत होती, आणि एक बोट पिशवीवर ताल धरत होतं.

चाचांनी पाहिलं. मी पाहिलं. नोएलची दाराकडे पाठ होती.

“बाहेर कोण आहे?” धून संपल्यावर चाचांनी विचारलं.

“मार्थामावशी. मास्तरांची बायको. डोळे गेलेत. घरात एकट्या बसून असतात, म्हणून म्हटलं चला. गुडघ्यांमुळे पायऱ्या चढवत नाहीत.”

“जा, तिला विचारून ये.”

“काय?”

“काढू का म्हणून.”

नोएल हसला. “त्यांना काय कळतंय चाचा तारेतलं? सा कुठला, रे कुठला, काही ठाऊक नाही. जन्मभर स्वयंपाक केला बिचारीनं.”

चाचांनी खाचेवर पुन्हा नख ठेवलं.

“काढू?”

“काढा म्हटलं ना!”

चाचांनी फळीवरून बारीक कानस उतरवली. तार सोडली. कानस त्या गोल धातूवर टेकवली आणि थांबले.

मी हळूच म्हटलं, “अरे नोएल, विचार की बाबा. दोन पावलांवर तर आहे.”

“पेटीवाले, तुम्ही चहा प्या.”

घ्या! मी तोंड फिरवलं. आज त्याचीच लाज वाटते. उठून मीच गेलो असतो तर?

“काढू?” चाचा तिसऱ्यांदा म्हणाले.

“काढा.”

दहा मिनिटं. जास्त नाही. आधी कानस, मग पॉलिश पेपर, मग लुंगीच्या टोकानं पुसून एक फुंकर. राखाडी पूड उडाली आणि जमिनीवरच्या भोपळ्यांच्या भुशात मिसळून गेली. चाचांनी तार परत चढवली, सुरात लावली आणि बाजूला झाले.

नोएलनं धून सुरू केली.

निर्मळ सूर! कुठं डाग नाही. नोएलचा चेहरा उजळला. वाजवता वाजवताच तो म्हणाला, “ऐका! मास्तरांची धून अशी वाजायला हवी होती!”

आणि दारात कुणीतरी बोललं, “नोएल…”

मार्थामावशी. भिंतीला धरून, एकटी, तिन्ही पायऱ्या चढून वर आली होती. चप्पल एकाच पायात. दुसरी रिक्षापाशी पडलेली दिसत होती.

“अहो मावशी, पडाल! हाक मारायची ना!”

“कोण रे वाजवतंय हे?”

“मीच वाजवतोय.”

“मघाशी कोण वाजवत होतं?”

“मीच की.”

ती म्हणाली, “ह्यांची गिटार कुठं ठेवलीस?”

“मावशी, हीच ती.”

ती चाचपडत पुढं आली. मी हात दिला. तिनं गिटारीच्या कडेवरून बोटं फिरवली, डाव्या कोपऱ्यापाशी गेली. तिथं लाकडाचा टवका उडालेला होता. तो तिला बरोबर सापडला. अंगठा तिथंच ठेवून ती म्हणाली, “हो, तीच आहे.”

मग तिनं मान इकडून तिकडे वळवली. दुकानात अजून कुणी बसलंय का, हे ऐकत असल्यासारखी.

“मग ते कुठं गेले?”

…

नोएलच्या हातातली कांडी निसटली, तारांवर आदळली आणि घरंगळत खाली गेली. कुणी उचलली नाही.

“चाचा…” नोएल उठून त्यांच्याकडे वळला. “चाचा, परत घाला. खाच परत पाडा.”

चाचांनी बनियनच्या शिवणीतून सुती दोरा उपसला. तंबोऱ्याला घालतात तसा तो तारेखाली सरकवला, पुढं मागं केला, आणि बोटानं तार छेडली. झंकार उठला. सुरेख, भरदार. तंबोऱ्याचा.

मावशीनं मान हलवली. “नाही.”

चाचांनी दोरा काढून घेतला.

तेव्हा माझा तोल सुटला. चाळीस वर्षांचा शेजार आमचा, पण सुटला. “चाचा, तुम्हाला माहीत होतं!”

“होतं.”

“मग सांगायला काय झालं होतं?”

“बाहेर विचारून ये म्हटलं.”

नोएल जमिनीवरच बसला होता, भुशात. चांगला पस्तिशीचा बाप्या, हुंदके देऊन रडत होता. “मी म्हटलं मावशींना काय कळतंय… मी म्हटलं ना तसं… माझ्याच तोंडानं…”

मावशीला मी स्टुलावर बसवलं. तिनं हात पुढं करून हवेत चाचपडलं, तेव्हा नोएलचं डोकं हाताला लागलं. तिनं हात तिथंच ठेवला. रागानं नाही, मायेनं नाही, नुसता ठेवला.

“परवा मी काय वाजवू चाचा?” तो म्हणाला. “ही ना त्यांची राहिली, ना माझी झाली. मावशींना काय ऐकवू?”

चाचांनी कानस पुसायला घेतली.

“देवदान पहिल्यांदा इथं आला, तेव्हा तुझ्याहून लहान होता,” ते म्हणाले. “हीच गिटार. गोव्याच्या एका म्हाताऱ्याची. म्हातारा गेला, मग ह्यानं घेतली. तेव्हाही तिला खाच होती. ह्याच तारेला.”

नोएलनं डोकं वर केलं.

“भुणभुण होती?”

“होती. वेगळी. देवदान म्हणाला, मेलेल्या माणसाचा आवाज मला कशाला? काढा. मी काढली. हीच कानस.”

“त्या म्हाताऱ्याचं कुणी होतं का हो मागं?” मावशीनं विचारलं. “ऐकणारं?”

“आठवड्यानं मुलगी आली होती. गिटार ऐकायची म्हणाली. देवदाननं वाजवली.”

“मग?”

“ऐकलं आणि गेली.” चाचांनी कानस फळीवर ठेवली. “तेव्हा मी एकदाच विचारायचो.”

गल्लीतून कुणाच्यातरी तंबोऱ्याचा षड्ज येत होता. रिक्षावाल्यानं दोनदा हॉर्न दिला.

नोएलनं बाहीनं तोंड पुसलं. “मग मास्तरांनी काय केलं?”

चाचा खाली वाकले. गुडघे कुरकुरले. भुशातून त्यांनी पोलादी कांडी शोधून काढली, लुंगीला पुसली आणि नोएलच्या तळहातावर ठेवली.

“वाजवली. रोज.”