कोरा भारद्वाज

एका राज्यात धारावर्ष नावाचा राजा होता. त्याला गादीवर येऊन अकरावं वर्ष लागलं होतं. माघ महिना, वद्य प्रतिपदा. थंडी ओसरत होती, आंब्याला मोहोर होता. त्या सकाळपासून त्या राज्यात कोणाला स्वस्थ बसवेना.

कारण असं झालं. राजाच्या बापानं तमसा नावाच्या चेटकिणीकडून एक बोलका भारद्वाज उसना आणला होता. शत्रू कोणत्या वाटेनं येतो ते तो पक्षी आधी सांगे. बोली सात वर्षांची होती. बाप वारला, मुदत सरली. धारावर्षानं आज देतो, उद्या देतो, असं करत तीन वर्षं काढली. मग तमसेनं पक्ष्याचं शरीर काढून घेतलं आणि सावली तेवढी राजाकडे ठेवली.

सावलीला टेकायला जागा मिळेना. ती ज्याच्यावरून जाई, त्याची बैठक मोडे. सिंहासनावरून गेली, राजा उठला तो उभाच राहिला. न्यायाधीश उभ्यानं निवाडे देऊ लागले. गाई रात्रभर उभ्यानंच रवंथ करू लागल्या.

सटवाजी कुंभाराच्या अंगणात ती एका बरणीवर उतरायला गेली. बरणीला काचेसारखी गुळगुळीत झिलई होती. सावलीचा पाय घसरला आणि ती सटवाजीच्या बायकोच्या, भिवराच्या पाठीवर आपटली. भिवरा चालू लागली. इतरांना निदान उभं राहता येत होतं, तिला तेही येईना. चाकाभोवती ती गोल गोल चालत राहिली. भाकरी चालता चालता खाई. डोळा लागे, तरी पाय चालत.

वैद्यानं तिच्या मागून चालत नाडी पाहिली. म्हणाला, "फाल्गुनाची पौर्णिमा निघेल. पुढे छाती थांबेल."

इकडे राजा तमसेच्या टेकडीवर गेला. तिनं त्याला मातीची एक गोणी दिली.

"तीन बरण्यांची माती आहे. चौथीची नाही. बरणीला झिलई चढवायची, पण माझ्या पक्ष्याच्या आकाराची जागा कोरी ठेवायची. लोखंडानं खरवडायचं नाही. भट्टीतून तशी बरणी निघाली तर सावली तिथं बसेल आणि पक्षी होईल. मग माझं मला आणून दे."

राजानं गोणी सटवाजीच्या अंगणात आणली.

सटवाजी म्हणाला, "महाराज, चाळीस वर्षं झिलई लावतो. आमच्यात कोरी जागा राहिली तर भांडं फोडतात."

"आता राहू दे," राजा म्हणाला. "तुझी बायको वाचेल. माझं देणं फिटेल."

सटवाजीनं तीन बरण्या घडवल्या, वाळवल्या आणि एकदा भाजून घेतल्या. पाण्यात कालवलेल्या झिलईत भांडं बुडवलं की ती सगळीकडे धरते. जागा कोरी ठेवायची तर तिथं आधी असं काही लावायचं, ज्याला झिलई धरणार नाही. ते काय, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. त्यानं फुटक्या खापऱ्या घेतल्या. एकीला दिव्याचं तेल लावलं. झिलई तेलावरून सरकत आत आली. एकीला चुना लावला. तो भाजल्यावर झिलईतच मिसळून गेला. एकीला फणसाच्या कोवळ्या कुयरीचा चीक लावला. तो सुकला, त्याची साल झाली. झिलईत बुडवून काढल्यावर ती साल सोलली, तर खाली कोरी माती. सटवाजीला हायसं वाटलं.

पहिल्या बरणीवर त्यानं चिकानं भारद्वाज काढला. झिलई चढवली, ती वाळली, साल सोलली. चोचीपाशी चीक जाड बसला होता. तिथं झिलईचा लांबलचक पोपडाही सालीबरोबर आला. बरणी भट्टीतून निघाली. सावली वरून बघून गेली.

"हा भारद्वाज की हत्ती?" सावली म्हणाली. "माझ्या चोचीला सोंड कशी?"

भिवरा फेरी घेत होती. चालता चालता म्हणाली, "घाई केलीत." पुढच्या फेरीला म्हणाली, "चीक दाट होता."

"तू चाल," सटवाजी म्हणाला.

"दुसरं काय करतेय?"

आता दिवस वेगानं जाऊ लागले. माघ संपला. भिवराच्या तळव्यांना भेगा पडल्या. सटवाजी चालत चालत तिला तेल लावी, म्हणजे एका फेरीला एकच पाय. सावली त्याच्यावरून गेली नव्हती, त्याला बसता येत होतं, पण तो बसेना. बाभळीच्या खोडावरचं पोळं त्यानं काढलं आणि मेण कढवलं. खापरीवर मेण लावून ती झिलईत बुडवली. मेणावरून झिलई पाण्यासारखी ओघळून गेली.

दुसऱ्या बरणीवर त्यानं कढत मेणानं, कुंचल्यानं, पक्षी काढला. चोच नीट, शेपूट नीट. बरणी झिलईत बुडवून वर काढली. मेणावर झिलईचे बारीक बारीक थेंब उभे होते, पानावर दव असावं तसे. सटवाजीनं ते पाहिले.

भिवरानंही पाहिले. "ते थेंब?"

"भट्टीत मेण जळेल. त्याबरोबर थेंबही जातील."

मेण जळालं. थेंब गेले नाहीत. खालच्या मातीवर उतरले आणि वितळून काच झाले. सावली आली, पक्ष्यावर पाय ठेवला आणि घसरली.

"माझ्या अंगावर देवीचे फोड आलेत," ती म्हणाली आणि उडाली.

पौर्णिमेला पाच दिवस होते. एक बरणी उरली होती.

सटवाजीनं तिच्यावर पुन्हा मेणाचा पक्षी काढला. झिलईत बुडवली, वर काढली आणि चाकावर ठेवली. पुन्हा तेच थेंब. त्यानं ओल्या कापडाची वात केली आणि पहिला थेंब पुसायला गेला. हात थरथरला. वात मेणाच्या कडेबाहेर गेली आणि झिलईला ओरखडा पडला. नखाएवढा. त्यानं तो कुंचल्यानं भरून घेतला. दुसऱ्यांदा गेला, वात थेंबावर नीट टेकवता येईना. चाळीस वर्षांत सटवाजीच्या भांड्याला दुसऱ्या कोणाचा हात लागला नव्हता. तो वात धरून तसाच राहिला.

भिवरा त्याच्यापाशी आली. "द्या इकडे."

"तुला थांबता येत नाही."

ती पुढे गेली. फेरी पुरी करून आली. "थेंब तर थांबलेत ना."

"जाता जाता एक पुसला जाईल."

ती पुन्हा गेली, पुन्हा आली. "मग एक पुसते. मला जायचंय कुठे?"

सटवाजीनं वात तिच्या हातात दिली.

तेव्हापासून एका फेरीला एक थेंब. भिवरा येई, वात टेकवी, पुढे जाई. ती फिरून येईपर्यंत सटवाजी बोटानं चाक किंचित वळवी आणि पुढचा थेंब तिच्या वाटेवर आणून ठेवी. तो बसला होता, ती चालत होती. पाय चालत असले तरी भिवराचा हात हलत नव्हता.

"डोळ्यापाशी आहे एक."

"दिसला."

"शेपटीखाली."

"तुम्ही चाक बघा."

सकाळी सुरू केलं ते ऊन कलेपर्यंत चाललं. शेवटी सटवाजीनं चाक पुरं एकदा फिरवून पाहिलं. मेणावर काही नव्हतं. बरणी उचलून त्यानं भट्टीत ठेवली.

पौर्णिमेच्या सकाळी भट्टी निवाली. राजा प्रधानाला घेऊन आला. भिवराचे ओठ निळे पडले होते आणि तिची फेरी वाकडी होऊ लागली होती. सटवाजी भट्टीच्या तोंडाशी आडवा उभा राहिला.

"महाराज, आज पक्षी झाला तर आजच परत जाईल. कबूल आहे का, बोला."

प्रधान म्हणाला, "कुंभारा, कोणाशी बोलतोस? महाराज, पक्षी गुणाचा आहे. एक पावसाळा ठेवून घेऊ."

राजानं भिवराकडे पाहिलं. ती समोरून गेली, तिच्या पावलांचे रक्ताचे ओले ठसे मागे राहिले.

"आजच जाईल," राजा म्हणाला.

सटवाजीनं बरणी काढली. सगळी हिरवी, तळ्यासारखी चकाकती. मधे तांबूस कोरा भारद्वाज, चोचीपासून शेपटीपर्यंत. अंगावर एक ठिपका नाही. सावली खाली आली. तिनं एक पाय टेकवला. घसरला नाही. दुसरा टेकवला. पंख मिटले. मातीला पिसं फुटली, डोळा लाल झाला आणि भारद्वाज बरणीतून निघून काठावर बसला. बरणीला त्याच्याएवढं भोक राहिलं.

भिवराचे पाय थांबले. ती चाकाशेजारी मटकन खाली बसली.

"पाणी द्या," ती म्हणाली.

सटवाजीनं पाणी दिलं. मग तोही तिच्याजवळ बसला. गोठ्यात गाई बसल्या. गावात, दरबारात, जे जे उभे होते ते बसले.

एकटा राजा बसला नाही. त्यानं पक्षी मनगटावर घेतला आणि पायी टेकडी चढला. तमसा दारातच होती. तिनं हात पुढे केला. भारद्वाज राजाच्या मनगटावरून तिच्या मनगटावर गेला.

देणं फिटलं.