मिक्सरचे कुलूप

चालू काम आपल्या हाताने बंद करायचे नाही. नदीकाठच्या एका गावी काँक्रीट कालवून पुलांना आणि बंधाऱ्यांना पुरवणारे एक कुटुंब राहत होते, त्या कुटुंबाचा हा नियम. थोरले बापूकाका तो सांगत आणि धाकटे अण्णा मान हलवत. अण्णांची मुलगी केतकी हिने लहानपणी एकदा 'का?' म्हणून विचारले, तेव्हा तिला भरल्या पानावरून उठवले होते.

पुढे केतकी शहरात शिकून विजेची इंजिनिअर झाली आणि घरी परतली. त्याच सुमारास कुटुंबाला एका मोठ्या पुलाचे काम मिळाले. जुना प्लांट त्याला पुरणार नव्हता. नव्या प्लांटला वीज किती लागेल, कुठून आणायची, कशी वाटायची, हे आखून द्यायचे काम बापूकाकांनी तिच्यावर सोपवले.

"शिकलीस ना एवढी? मग उतरव कागदावर. इंजिनिअरचं नाव असल्याशिवाय वीज कंपनी जोडणी देत नाही म्हणे."

आखण्याआधी जुना प्लांट नीट पाहावा म्हणून केतकी तिथे गेली. सगळ्या गावाला आणि प्लांटला मिळून एकच डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, होती. मिक्सर सुरू झाला की घराघरांतले दिवे मिणमिणत आणि पिठाची गिरणी रडतखडत फिरे. लाईट तर रोजच जाई. ती गेली की मिक्सरच्या पिंपातला माल बसू लागे. मग इरबा नावाचा कामगार छिन्नी-हातोडा घेऊन पिंपात उतरे आणि घट्ट होत चाललेले काँक्रीट फोडून बाहेर काढी. मेन स्विच मात्र तेव्हाही वरच, म्हणजे चालूच असे. नियमच तसा होता. त्यात बापूकाकांनी शेतातल्या पंपाचा ऑटो काढून आणून मिक्सरला बसवला होता. लाईट आली की मोटार आपली आपणच फिरू लागे. चालू करायला माणूस लागत नाही, याचे त्यांना भारी कौतुक.

"आणि हा आत असताना लाईट आली तर?" केतकीने विचारले.

"सबस्टेशनला फोन केल्याशिवाय उतरवतो काय त्याला?" बापूकाका म्हणाले. "लाईन कधी येणार ते ते लोक सांगतात."

पिंपातून इरबाचे डोके वर आले. "ताई, हे आपलं सासर हाय बगा. आत धाडताना समदी हाताला धरत्यात. भाईर येताना कोन इचारत न्हाई."

सगळे हसले. केतकीला हसू आले नाही.

तिने आराखडा केला. प्लांटला स्वतंत्र डीपी. मिक्सर, खडीचा पट्टा, सिमेंट वर चढवणारा स्क्रू आणि पाण्याचा पंप यांच्या वेगवेगळ्या लाईनी. भरलेला मिक्सर जागचा हलताना चालत्या मिक्सरच्या कितीतरी पट वीज ओढतो, म्हणून तेवढा दम असलेला जनरेटर. म्हणजे माल पिंपात बसणारच नाही. ऑटोला तिने जागाच ठेवली नाही. आणि मिक्सरपाशी एक कुलपाचा स्विच. साफ करायला आत उतरणाऱ्याने तो पाडायचा, कुलूप लावायचे आणि किल्ली स्वतःच्या खिशात घालून मगच उतरायचे.

बापूकाकांनी पेन घेतले आणि जनरेटरवर आडवी रेघ मारली. "फोडायला माणसं आहेत की." मग त्यांची नजर कुलपावर गेली. "मिक्सरला कुलूप? हे काय किराणा दुकान आहे? आणि किल्ली गड्याच्या खिशात! तो तंबाखू मळत बसला की माझा पूल अडकला. अगं, चालू काम आपल्या हातानं..."

"बंद करायचं नाही, ठाऊक आहे. पण काका, माणूस आत आहे म्हणजे काम बंदच आहे ना?"

"जीभ फार चालायला लागली हिची," बापूकाका अण्णांना म्हणाले. अण्णांनी मान हलवली.

"निदान जुन्या मिक्सरचा ऑटो तरी आज काढू द्या."

"बघू. नवा प्लांट उभा राहू दे, मग बघू."

ते बघणे राहूनच गेले. एका सकाळी लाईट गेली. सबस्टेशनने सांगितले, दुपारपर्यंत येत नाही. इरबा नेहमीसारखा उतरला. लाईनवरचे काम लवकर आटोपले आणि लाईट दुपारच्या आधीच आली. मेन स्विच वर होता. ऑटोने आपले काम चोख केले.

कोणीतरी धावत जाऊन मेन स्विच पाडला. त्या प्लांटवर चालू कामात माणसाच्या हाताने स्विच पडला तो त्या दिवशी पहिल्यांदा. तोवर इरबा गेला होता.

त्याची बायको प्लांटच्या फाटकाशी येऊन बसली. बापूकाका म्हणाले, नशीब एकेकाचं. मग म्हणाले, सबस्टेशनवाल्यांनी नीट सांगायला नको? सुतक फिटायच्या आत इरबाच्या जागी दुसरा माणूस आला. फोन झाला की तोही पिंपात उतरू लागला. ऑटो होता तिथेच होता.

मग एका सकाळी घरातली थोरली माणसे ओसरीवर जमली आणि केतकीला बोलावणे गेले. बापूकाकांनी रेघा मारलेला आराखडा तिच्यापुढे सरकवला.

"पुलाचे लोक खोळंबलेत. मी दुरुस्त केलाय तसा दे आणि खाली तुझं नाव घाल."

"नाही घालणार."

"घरच्या पोरीनं घराचीच वाट अडवायची?"

"अडवते आहे."

"मग दुसरा इंजिनिअर आणतो. पैशाला पासरी मिळतात."

"आणा. इरबा कसा गेला ते मी त्यालाही सांगेन आणि वीज कंपनीलाही सांगेन." केतकीने कागद उचलला नाही. "पण त्याआधी मला एक सांगा. लाईट गेली आहे. माल बसायला लागला आहे. स्विच वर आहे, ऑटो लावलेला आहे. अशा वेळी आपल्या घरातलं कोण उतरेल पिंपात? त्याचं नाव सांगा, मग माझं मागा."

बापूकाकांनी अण्णांकडे पाहिले. अण्णांनी खाली पाहिले. ओसरीवर बसलेल्यांपैकी कोणीही नाव घेतले नाही.

तात्पर्य एवढेच: जो नियम पाळायला आपल्या घरातले माणूस धाडायची आपली छाती होत नाही, तो दुसऱ्याच्या माणसावर लादायचा आपल्याला हक्क नाही. असा नियम वडीलधाऱ्यांचा असला तरी त्याला नाही म्हणावे, आणि जीव जायच्या आधी म्हणावे.